बांबूच्या शेंड्यावरची लढाई

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने एक चिनी चित्रपट दाखवायचे ठरवले. सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला, भिंतीवर पांढरा पडदा ताणला, आणि पोरांबरोबर आसपासच्या गावचे काही शिक्षक व पालकही येऊन बसले. चित्रपटाचे नाव 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'. म्हणजे दबा धरून बसलेला वाघ आणि दडून राहिलेला ड्रॅगन. तैवानात जन्मलेल्या अँग ली या दिग्दर्शकाने तो २००० साली काढला.

या चित्रपटात तलवारी आहेत, सूड आहे, प्रेम आहे. तिथवर कोणाची तक्रार नव्हती. पण त्यातली माणसे भिंतीवरून सरसर चढतात, एका कौलारू छपरावरून दुसऱ्या छपरावर तरंगत जातात, आणि शेवटी शेवटी तर बांबूच्या वनात, बांबूच्या हिरव्या शेंड्यांवर उभी राहून लढतात. शेंडा वाकतो, माणूस त्याच्याबरोबर झुलतो, आणि पुन्हा वर येतो. त्या ठिकाणी आमच्या सभागृहाचे सरळ दोन तुकडे पडले. मागच्या बाकांवर हशा उसळला. पुढची काही मुले मागे वळून "गप बसा की रं!" म्हणून ओरडली.

चित्रपट संपल्यावर चर्चा झाली. तिला भांडण म्हटले तरी चालेल. एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, माणूस बांबूच्या शेंड्यावर उभा राहील काय? आमच्या परड्यातल्या बांबूवर साळुंकी बसली तरी तो वाकतो." दुसरा म्हणाला, "इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलं नाही." एका विद्यार्थिनीचा आक्षेप निराळाच होता. ती म्हणाली, "या चित्रपटात शेत कुठं आहे, सर? सगळे तलवारवाले. यांच्या भाकरी कोण थापतं?" आणि कृष्णाकाठच्या एका शाळेतले गुरुजी फार शांतपणे म्हणाले, "हे मुलांना दाखवावं की नाही, एवढंच सांगा."

त्या गुरुजींना तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज ते द्यायचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट म्हणजे, या चित्रपटावरून भांडणारे आपणच पहिले नाही. अमेरिकेत आणि युरोपात त्याचे अपार कौतुक झाले. २००१ साली त्याला ४ ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांत परभाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही होते. पण ज्या चिनी लोकांच्या गोष्टीवर तो बेतला, त्यांच्यातल्या पुष्कळांनी नाके मुरडली. कोणी म्हणाले, लढाया कमी आणि उसासे जास्त. कोणी म्हणाले, नायक हाँगकाँगचा, नायिका मलेशियाची, त्यांची चिनी बोली कानाला खटकते. कोणी म्हणाले, हा आमचा जुना माल परदेशी गिऱ्हाइकासाठी नव्या कागदात बांधून दिलेला आहे. घरची माणसे एक म्हणतात, पाहुणे दुसरे म्हणतात, असा हा प्रकार.

चीनमध्ये अशा गोष्टींना 'वूशिया' म्हणतात. वू म्हणजे शस्त्रविद्या, आणि शिया म्हणजे दरबाराची चाकरी न करता स्वतःच्या हिंमतीवर न्यायासाठी लढणारा माणूस. या गोष्टी तिथे शेकडो वर्षे सांगितल्या गेल्या, मग कादंबऱ्यांत आल्या, मग पडद्यावर. १९२८ साली शांघायच्या मिंगशिंग कंपनीने लाल कमळाच्या मंदिराच्या अग्निकांडाची कथा पडद्यावर आणली. तिच्यात मंत्राने तलवारी उडत होत्या. लोकांची अशी झुंबड उडाली की ३ वर्षांत तिचे १८ भाग निघाले. मग शिकलेली मंडळी संतापली. हे अंधश्रद्धा पसरवते, पोरे घर सोडून डोंगरात सिद्धपुरुष शोधायला पळतात, अशी ओरड झाली. शेवटी तिथल्या सरकारने असल्या चित्रपटांवर बंदी घातली. म्हणजे आमच्या गुरुजींचा प्रश्न शांघायमध्ये नव्वद-पंच्याण्णव वर्षांपूर्वी विचारून झाला होता.

पण श्रोतेहो, शांघायपर्यंत तरी कशाला जायचे? हे भांडण त्याच्याही आधी आपल्या सांगलीत आणि सांगलीवरून झालेले आहे.

१८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीला आली आणि त्यांनी आपले खेळ केले. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी ते पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणाला सांगितले, की असे काही मराठीत, पण अधिक नीटनेटके करून दाखव. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी भाव्यांचे 'सीतास्वयंवर' झाले. मराठी रंगभूमीचा जन्मदिवस म्हणून आपण आजही ५ नोव्हेंबर पाळतो. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले. १८५३ मध्ये ते मुंबईत पोचले.

या नाटकांत काय असे? सूत्रधार पदे म्हणे, विदूषक हसवी, गणपती आणि मोरावरची सरस्वती येऊन जात. पात्रे ऐन वेळी सुचेल तसे बोलत. आणि लोक ज्याची वाट पाहत बसत, तो येई राक्षस. तोंड रंगवलेले, भल्या मोठ्या मिशा, हातात नंगी तलवार. राळेचा भपका उडे, आणि 'अलललल डुर्र' अशी आरोळी ठोकून तो रंगणात उडी घेई. मग देव आणि राक्षस यांचे युद्ध. तलवारीचे हात तालावर पडत. पुढे बसलेली पोरे आईच्या पदरात तोंड लपवत.

पुढे इंग्रजी शाळा-कॉलेजांत शिकलेली पिढी आली. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी 'थोरले माधवराव पेशवे' हे लिहिलेले, बांधीव नाटक दिले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आले. मग सुशिक्षितांना भाव्यांच्या परंपरेतले खेळ रानवट वाटू लागले. त्यांना 'तागडथोम नाटके' आणि 'अललडुर्र नाटके' अशी नावे पडली. राक्षस असा ओरडतो काय? युद्ध तालावर होते काय? आमच्या विद्यार्थ्याने बांबूविषयी जे विचारले, तेच हे. हळूहळू राक्षस रंगभूमीवरून उतरला, तो पुन्हा चढला नाही.

ते हसणारे लोक मूर्ख होते, असे मी म्हणणार नाही. जी आरोळी पहिल्या वर्षी अंगावर काटा आणते, ती पन्नासाव्या वर्षी नुसता घशाचा व्यायाम होते. शिवाय समाजापुढे दुसरे प्रश्न उभे होते. सांगलीजवळच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ मध्ये 'शारदा' लिहिले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्यांना सांगायचे होते, आणि ते राक्षसाच्या आरोळीत बुडून गेले असते. एकाच मातीने आपल्याला भावे दिले आणि देवलही दिले. एकाला मान द्यायचा म्हणून दुसऱ्याला हसायचे कारण नाही.

मग चूक कुठे झाली? राक्षस म्हणजे राक्षसाचे हुबेहूब चित्र, अशी समजूत करून घेतली गेली, इथे चूक झाली. ते चित्र नव्हतेच. ती खूण होती.

तमाशा पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वगातला राजा बोर्डावर एक गोल फेरी मारतो आणि म्हणतो, "आलो बरं का परधानजी, दुसऱ्या मुलखात." बोर्ड तेच, ढोलकीवालाही तोच. पण साताऱ्याच्या जत्रेतला एकही शेतकरी उठून "अहो, तुम्ही तर इथंच आहात" असे म्हणत नाही. त्याला ठाऊक असते, की फेरी म्हणजे प्रवास. आता गंमत पाहा. पेकिंगच्या जुन्या संगीत नाटकातही अगदी हाच संकेत आहे. नट रंगमंचावर गोल फिरला, की लांबचा प्रवास झाला. हातात नुसता चाबूक असला, की तो घोड्यावर आहे. चिनी चित्रपटातल्या तलवारबाजीचे मूळ या नाटकात आहे. तिथली लढाई तालावर बसवलेली असते, उड्या आणि कोलांट्या त्या तालात घेतात. पडद्यावर आल्यावर उडी लांबली आणि तिचे उड्डाण झाले. आमच्या चित्रपटातले उड्डाण दोराला टांगून घेतलेले आहे, आणि मागाहून चित्रातून तो दोर पुसून टाकलेला आहे. फसवाफसवी म्हणाल तर एवढीच. बाकी घाम खरा आहे. नायिकेचे काम करणाऱ्या मिशेल यो यांच्या गुडघ्याला चित्रीकरणात जबर दुखापत झाली होती.

आता कोणी म्हणेल, की खूण वगैरे ठीक आहे, पण जे जसे असते तसेच दाखवले तर काय बिघडते? काही बिघडत नाही. मात्र तोही मार्ग निर्धोक नाही. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. त्यात भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला, की प्रेक्षकांतली माणसे घेरी येऊन पडली आणि तो भाग काढून टाकावा लागला. म्हणजे खोटे वाटले तर लोक हसतात आणि फार खरे वाटले तर घेरी येते. तेव्हा खरेखोटे मोजायचे माप दुसरीकडेच शोधले पाहिजे.

हे माप मला त्या दिवशी एका वृद्ध माणसाने दाखवले. नातवाबरोबर एक वस्ताद आले होते. सारा जन्म आखाड्यात दांडपट्टा शिकवण्यात गेलेला. चर्चेत ते काही बोलले नाहीत. बाहेर चहा पिताना मी विचारले, "वस्ताद, कसा वाटला?" मला वाटले, उडण्याबद्दल काही तरी टोला मारतील. ते म्हणाले, "पोरीचा हात झकास हाय. पन राग मनगटात उतरलाय तिच्या. असला हात टिकत न्हाई. तिला वस्ताद चांगला गावला न्हाई."

श्रोतेहो, सगळा चित्रपट त्या एका वाक्यात होता. माणसे उडाली याचे वस्तादांना काहीच वाटले नाही. त्यांनी मनगट पाहिले.

ती गोष्ट अशी आहे. यू नावाच्या सरदाराची एक मुलगी आहे. तिचे लग्न तिला न विचारता ठरलेले आहे. तिची दाई म्हणून घरात राहणारी बाई खरी एक फरारी गुन्हेगार, जेड फॉक्स. या बाईला तरुणपणी शस्त्रविद्या शिकायची होती. वूदांग पर्वतावरच्या गुरूने तिला जवळ केले, पण बाई म्हणून विद्या दिली नाही. तिने त्याला विष घातले आणि विद्येची पोथी चोरून पळाली. पण तिला वाचता येत नव्हते! पोथीतली चित्रे पाहून जेवढे कळले तेवढेच ती शिकली. आणि ती जिला शिकवत होती, त्या सरदाराच्या मुलीला अक्षरे येत होती. मुलीने चित्रांच्या बाजूचा मजकूर वाचला, गुरूच्या पुढे गेली, आणि ती गोष्ट गुरूपासून लपवून ठेवली. ज्या दिवशी हे उघडे होते, त्या दिवशी म्हातारीचे जे तोंड होते ते बघवत नाही. पुढचे सगळे विष, सगळे मरण तिथून येते.

आता सांगा, यात खोटे काय आहे? सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. जोतिरावांचे मूळ गाव कटगुण, तेही सातारा जिल्ह्यातलेच. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा बाईला विद्या देऊ नये म्हणणारे गुरू आपल्याकडे काही कमी नव्हते. ज्यांना विद्या नाकारली त्यांतल्या कितीजणींनी नुसती चित्रे पाहत जन्म काढला असेल! विद्या नाकारली की ती मरत नाही, ती विष होऊन परत येते, असे तो चिनी चित्रपट सांगतो. हे सांगण्यासाठी त्याने माणसे हवेत उडवली, तर तेवढे भाडे मी आनंदाने देईन. हे छपरावर पळणारे लोक जमिनीवरच्या बेडीतून सुटायला पळत आहेत. उडणारा किती उंच उडाला हे पाहू नये. त्याच्या पायात कसली बेडी होती, ते पाहावे.

हेच माप उलटही लावता येते. ज्या चित्रपटात बेडी नाही आणि नुसते उडणेच आहे, तो खुशाल टाकून द्यावा. असले चित्रपट चीनमध्ये आहेत, मुंबईत आहेत, आणि आता आपल्या खिशातल्या फोनवर तर दिवसाला शंभर येतात. त्या विद्यार्थिनीचा आक्षेपही मी खोडून काढणार नाही. भाकरी कोण थापते, हा प्रश्न तिने प्रत्येक गोष्टीला विचारावा, चिनी गोष्टीला आणि आपल्या ऐतिहासिक चित्रपटांनाही.

शेवटी ती मुलगी वूदांग पर्वताच्या कड्यावरून खाली झेप घेते. तिथे एक जुनी कथा सांगतात, की मन निष्ठेचे असेल तर उडी घेणारा मरत नाही, तरंगत जातो. ती मरते की तरते, हे चित्रपट सांगत नाही. यावर आमच्या मुलांत पुन्हा वाद पेटला. मी त्यांना विचारले, "सज्जनगडावर कोण कोण गेलं आहे?" बहुतेक हात वर झाले. समर्थांची छाटी वाऱ्याने कड्यावरून उडाली आणि कल्याणस्वामींनी मागचा पुढचा विचार न करता तिच्यामागे उडी घेतली, ती जागा त्यांनी पाहिलेली होती. ती आख्यायिका ऐकताना यांच्यापैकी कोणी हसले नव्हते. कारण ती उडी किती फुटांची होती हे सांगण्यासाठी ती आख्यायिका नाहीच, हे त्यांना आजीच्या मांडीवरच कळले होते. आपल्या आजीला जेवढी सूट दिली, तेवढी चिनी आजीला द्यावी, इतकेच माझे मागणे.

आता त्या गुरुजींकडे येतो. सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "मी मघाशी विचारलं, त्याला कारण आहे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरून शाळा पुन्हा भरल्यावर गुरुजींनी चौथीच्या मुलांना 'पुराचा दिवस' हा निबंध दिला. एका मुलाने लिहिले, की मी बाभळींच्या शेंड्यांवरून पळत पाण्यापलीकडे गेलो आणि आमची शेळी खांद्यावर घेऊन आलो. गुरुजींनी लाल शाईने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिले, 'खोटे लिहू नये. पाहिले तेच लिहावे.' मुलाने दुसरा निबंध लिहून आणला. पाऊस पडला, पाणी आले, आम्ही शाळेत राहिलो, सरकारने धान्य दिले. सगळे खरे. गुरुजींनी दहापैकी आठ गुण दिले. शेळी दाव्याला बांधलेली राहून गेली होती आणि ती सोडायचे काम त्या पोराचे होते, हे त्यांना पुष्कळ महिन्यांनी कळले.

"आज बांबूवरून पळताना पाहिलं," गुरुजी म्हणाले, "आणि तो निबंध आठवला. मी त्याचा खरा निबंध खोडला आणि खोट्याला गुण दिले."

मी काही बोललो नाही. त्यांना जे सांगायला हवे होते, ते त्यांनीच मला सांगितले होते.

म्हणून शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना हा चित्रपट दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. त्यात रक्त आहे, मरण आहे. लहानांना थोडे थांबवावे, मोठ्यांना दाखवावा, असे माझे मत. पण तुमच्या वर्गातला एखादा मुलगा उद्या म्हणाला, की मी झाडाच्या शेंड्यांवरून पळत गेलो, तर लाल पेन उचलण्याआधी त्याला एवढेच विचारा, "बाळ, कुठं निघाला होतास?"